जोडीनं पुठ्ठ्याचं फर्निचर बनवताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुठ्ठ्याचं फर्निचर बिघडतं, ते बहुतेक वेळा पुठ्ठा कमजोर होता म्हणून बिघडत नाही. एकानं आखलं, दुसऱ्यानं कापलं, आणि मधल्या मधे पुठ्ठ्याच्या आतल्या नागमोडी थरातल्या नळ्यांची दिशा फिरली किंवा अर्धा मिलिमीटर हरवला, म्हणून बिघडतं. त्यामुळे खालच्या उत्तरांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा येईल : जे ठरलंय ते दोघांच्या डोक्यात न ठेवता त्या त्या तुकड्यावर पेन्सिलीनं लिहायचं.

पुठ्ठ्याचं स्टूल माणसाचं वजन खरंच पेलतं का?

पेलतं, आणि आरामात. पन्हळी पुठ्ठ्याची ताकद मोजताना त्याचा छोटा तुकडा कडेवर उभा करून दाबतात. चांगल्या पाच प्लाय (म्हणजे पाच थरांच्या) पुठ्ठ्याची कड या चाचणीत मीटरमागे साधारण ८ किलोन्यूटन दाब सोसते, म्हणजे १० सेंटिमीटर लांबीच्या कडेवर जवळपास ८० किलो. ३६ सेंटिमीटर रुंदीचे सहा उभे तुकडे एकमेकांत अडकवलेल्या स्टुलात एकूण २१६ सेंटिमीटर कड जमिनीवर उभी असते. कागदावरचा हिशेब १७०० किलोच्या वर जातो.

हा आकडा जसाच्या तसा धरायचा नाही. चाचणी कोरड्या हवेत, काही सेकंदांत उरकलेली असते. घरात हवा दमट असते, माणूस धपकन बसतो, वजन सगळ्या कडांवर सारखं पडत नाही, आणि महिनोन्महिने भार असला की पुठ्ठा हळूहळू दबत जातो. म्हणून आम्ही कागदावरच्या आकड्याचा दहावा हिस्साच खरा मानतो. तरीही १७० किलो उरतातच.

फ्रँक गेरी यांनी १९७२ मध्ये थरावर थर चिकटवून केलेली नागमोडी ‘विगल’ खुर्ची आजही बनते आणि विकली जाते. टोकियोच्या ऑलिंपिक ग्राममधल्या खेळाडूंच्या पलंगांचे सांगाडे पुठ्ठ्याचे होते आणि ते सुमारे २०० किलो पेलतील असं जाहीर केलं होतं. पुठ्ठ्याच्या बाबतीत प्रश्न वजनाचा कमी असतो. पीळ, ओल आणि चुकीची दिशा यांचा जास्त असतो.

कोणता पुठ्ठा घ्यायचा?

बसण्याच्या किंवा भार सोसण्याच्या वस्तूला पाच प्लाय. यात तीन सपाट कागद आणि त्यांच्या मधे दोन नागमोडी थर असतात. जाडी साधारण ६.५ ते ७ मिलिमीटर. तीन प्लाय (३ ते ४ मिलिमीटर) बाहेरचं आवरण, ड्रॉवर, मागची भिंत यांना पुरतो. सात प्लाय दणकट असतो, पण हातानं कटरनं कापणं जिवावर येतं आणि कड फाटते. पहिल्याच कामाला तो घेऊ नका.

जाडी दुकानदारानं सांगितली ती धरू नका. एकाच शीटचे दहा छोटे तुकडे कापा, न दाबता एकावर एक ठेवा, उंची मोजा आणि दहानं भागा. हा आकडा पुढे सगळ्या खाचांना लागणार आहे, म्हणून तो दोघांनी वेगवेगळा मोजावा आणि जुळला तरच वहीत लिहावा.

जुने खोके चालतात का?

चालतात, पण निवडून. फ्रिज, सायकल, मोठं यंत्र यांचे खोके चांगले, कारण सलग मोठा भाग मिळतो. खोक्याच्या जुन्या घडीवरून भार सोसणारा तुकडा कधीही कापू नये. तिथल्या नळ्या आधीच चेपलेल्या असतात आणि पहिल्या भारालाच तिथून वाकतात. नखानं हलकं दाबून पाहा : नखाचा खड्डा सहज पडला आणि तसाच राहिला, तर तो पुठ्ठा ओल खाल्लेला किंवा दमलेला आहे. फळं, भाजी, मासे यांचे खोके घरात आणूच नका. त्यांच्या नळ्यांत ओल आणि किडे दोन्ही असतात.

छापील बाजू आत घ्या. गुळगुळीत छपाईवर डिंक नीट धरत नाही.

नळ्यांची दिशा म्हणजे नेमकं काय, आणि ती एवढी महत्त्वाची का?

पुठ्ठ्याची कापलेली कड डोळ्यांसमोर धरा. दोन बाजूंना नागमोडी रेघ दिसेल, दोन बाजूंना नुसते समांतर पट्टे. नागमोडी रेघ दिसते तिथे नळ्यांची तोंडं उघडतात. नळ्या उभ्या असतील तर प्रत्येक नळी छोट्या खांबासारखी भार खाली नेते. आडव्या असतील तर तोच तुकडा कित्येक पटींनी कमजोर होतो आणि मधूनच घडी पडून बसतो.

नियम दोन. उभ्या तुकड्यात नळ्या जमिनीपासून वर जाणाऱ्या. फळीत नळ्या एका आधारापासून दुसऱ्या आधाराकडे जाणाऱ्या.

जोडीनं काम करताना सर्वांत जास्त नासाडी इथेच होते, कारण पुठ्ठा वाचवण्यासाठी कापणारा माणूस तुकडा ९० अंशांत फिरवून आखतो. बसतोही नीट. म्हणून आखतानाच प्रत्येक तुकड्यावर नळ्यांच्या दिशेनं एक ठळक बाण काढा, बाणाशेजारी तुकड्याचं नाव लिहा, आणि बाण नसलेला तुकडा कापायचाच नाही असं ठरवा. नेहमीच्या खोक्यात नळ्या बहुधा उभ्या असतात, त्यामुळे खोक्याची उंची हीच तुमच्या खांबाची जास्तीत जास्त लांबी.

दोघांनी काम कसं वाटून घ्यायचं?

अर्धे तुकडे तू, अर्धे मी, अशी वाटणी करू नका. वाटणी कामाच्या प्रकारानुसार करा. एकानं सगळं आखावं, दुसऱ्यानं सगळं कापावं, आणि कापण्याआधी कापणाऱ्यानं माप पुन्हा मोजावं. आखणाऱ्याची चूक त्याला स्वतःला दिसत नाही, कारण मनातलाच आकडा तो पुन्हा वाचतो.

खाचा तर एकाच हातानं कापायच्या. कारण साधं आहे. प्रत्येकाचा हात कटर थोडा तिरका धरतो. पातं ५ अंश कललं तरी ७ मिलिमीटर जाडीत कापाची खालची रेघ वरच्या रेघेपासून ०.६ मिलिमीटर सरकते. खाच सैल की घट्ट हे ठरवणारा फरक एवढाच असतो. एका हाताचा कल सगळ्या खाचांत सारखा राहतो; दोन हात मिसळले की काही जोड सैल आणि काही जोड फाटेस्तोवर घट्ट होतात.

मोजपट्टीही एकच. दोन टेपांची टोकं कधीच तंतोतंत जुळत नाहीत. टोकाचा हूक वापरून वापरून वाकलेला किंवा जास्त ढिला झालेला असतो. एकच पोलादी पट्टी आणि एकच गुण्या टेबलावर ठेवा, बाकीचं साहित्य उचलून ठेवा. आणि ‘३६ सेंटिमीटर रुंद’ म्हणजे आतून की बाहेरून, हे पहिल्या दिवशीच ठरवा. सात मिलिमीटरच्या पुठ्ठ्यात आतल्या आणि बाहेरच्या मापात १४ मिलिमीटरचा फरक पडतो.

आमचं दोघांचं डिझाइनवर एकमत होत नाही. काय करावं?

बोलणं थांबवा आणि १:५ प्रमाणात दोन्ही नमुने बनवा. दीड मिलिमीटर जाडीचं साधं कार्डबोर्ड घ्या. ७ मिलिमीटरचा पाचवा हिस्सा १.४ मिलिमीटर, त्यामुळे खाचांची जाडीही जवळपास प्रमाणातच येते. ३६ सेंटिमीटरचं स्टूल ७.२ सेंटिमीटरचं होतं आणि तासाभरात तयार होतं.

नमुना तीन गोष्टी सांगतो : तुकडे कोणत्या क्रमानं एकमेकांत जातात, शेवटचा तुकडा बसवायला जागा उरते का, आणि वस्तू पिळल्यावर कोणत्या बाजूला झुकते. ताकद मात्र तो सांगत नाही. छोटा नमुना नेहमीच मोठ्यापेक्षा भक्कम वाटतो. ज्याचा नमुना पिळाला जास्त टिकतो त्याचं डिझाइन घ्यायचं, हा आमचा कौल. दिसणं नंतर बदलता येतं.

पहिल्यांदा काय बनवावं? नेमकी मापं मिळतील का?

स्टूल. खुर्चीची पाठ मागे रेटली जाते, तो भार अवघड असतो, म्हणून ती नंतर.

३६ × ३६ सेंटिमीटर, उंची ४२ सेंटिमीटर, पुठ्ठा पाच प्लाय ७ मिलिमीटर :

उभे तुकडे ६ : रुंदी ३६, उंची ३९.२ सेंटिमीटर, नळ्या उभ्या.
बैठकीचे थर ३ : ३६ × ३६, मधल्या थराच्या नळ्या आडव्या फिरवलेल्या.
तळाचा थर १ : ३६ × ३६.

उंचीचा ताळा : ३९.२ + २.१ + ०.७ = ४२.

प्रत्येक उभ्या तुकड्यावर डाव्या कडेपासून ८, १८ आणि २८ सेंटिमीटरवर खाचेची मध्यरेषा येते. खाचेची रुंदी ६.५ मिलिमीटर, खोली १९.७ सेंटिमीटर, म्हणजे निम्म्या उंचीपेक्षा एक मिलिमीटर जास्त. तो जादाचा मिलिमीटर नसेल तर खाचांची टोकं एकमेकांवर टेकतात आणि वरच्या कडा समपातळीत येत नाहीत.

या मापांत एक सोय आहे. खाचा दोन्ही कडांपासून सारख्या अंतरावर असल्यानं सहाही तुकडे हुबेहूब एक असतात. तीन सुलटे उभे करायचे, खाचा वर. तीन उलटे करून त्यांत वरून सोडायचे, खाचा खाली. एकच साचा पुरतो. पहिला तुकडा दोघांनी मिळून अगदी निगुतीनं कापा, त्यावर ‘साचा’ असं लिहा, आणि बाकीचे पाच त्यावरूनच आखा. दुसऱ्यावरून तिसरा, तिसऱ्यावरून चौथा असं करत गेलात तर पेन्सिलीच्या रेघेची जाडी दरवेळी वाढत जाते आणि सहावा तुकडा बसत नाही.

पुठ्ठा निव्वळ १.४ चौरस मीटरच्या आत लागतो. कापताना वाया जाणारा धरून १.७ घ्या. डिंक १०० ते १५० ग्रॅम. तयार स्टुलाचं वजन दीड किलोच्या आत. दोघांना आखणी, कापणी, जोडणी मिळून पाच-सहा तास आणि वाळायला एक रात्र.

खाच पुठ्ठ्याच्या जाडीपेक्षा अरुंद का ठेवायची?

कारण पुठ्ठा दबतो. अर्धा मिलिमीटर कमी ठेवलं की खाचेच्या दोन्ही कडा शेजारच्या तुकड्याला धरून बसतात. ही पकड गेली की स्टूल उभं राहतं, पण बसल्यावर डुलतं, आणि डुलण्यानं खाच रोज थोडी मोठी होत जाते.

आधी कपट्यावर पाहा. १५ सेंटिमीटरच्या एका तुकड्यात ६, ६.५ आणि ७ मिलिमीटरच्या तीन खाचा कापा आणि प्रत्येकीत दुसरा कपटा सरकवा. सुळकन गेला तर सैल. आत जाताना कागदाचा वरचा थर सुरकुतून पुढे गोळा झाला तर फार घट्ट. तळहातानं रेटावं लागतं, कर्र असा आवाज येतो आणि उलटं धरून हलवल्यावर कपटा पडत नाही, ती खाच बरोबर. तिची रुंदी वहीत लिहा आणि तो कपटा काम संपेपर्यंत टाकू नका.

मापं नेहमी एकाच कडेपासून मोजायची : ८, १८, २८. आठ, मग तिथून दहा, मग तिथून दहा, असं मोजलं की प्रत्येक टप्प्याची चूक पुढच्यात मिसळते.

कापताना कडा फाटतात. का?

पातं बोथट झालंय. नवं पातं कापताना कागद चिरल्याचा बारीक, सलग आवाज येतो. बोथट पातं खरखरतं, वरच्या कागदावर बारीक तंतू उभे राहतात आणि नळ्या कापल्या जाण्याऐवजी चेपल्या जातात. अशी चेपलेली कड जमिनीवर टेकणार असेल तर तिथली ताकद गेलीच. १८ मिलिमीटरचा मोडत्या पात्याचा कटर वापरा आणि दर तीन-चार मीटर कापानंतर टोक मोडा. पातं वाचवून पुठ्ठा वाया घालवण्यात काहीच राम नाही.

एका दमात आरपार कापायला जाऊ नका. पहिल्या फेरीत फक्त वरचा कागद, दाब जवळजवळ नाहीच. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत नळ्या. शेवटच्या फेरीत खालचा कागद. पट्टी पोलादाचीच; प्लास्टिकच्या पट्टीची कड पातं सोलून काढतं. खाचेचा शेवट आधी छोट्या आडव्या कापानं तोडून घ्या, मगच लांब बाजू कापा, म्हणजे पातं पुढे निसटून खाच वाढत नाही.

जोडीदारानं पट्टी धरायची ती दोन्ही तळवे पट्टीवर, बोटं कापाच्या रेघेपासून किमान चार बोटं मागे, आणि कापाची रेघ जिथे संपते तिथे कुणाचाही हात नाही. कटर हातातून हातात द्यायचा नाही. पातं आत घ्यायचं, टेबलावर ठेवायचं, मग दुसऱ्यानं उचलायचं. हा नियम दमल्यावर सर्वांत आधी मोडतो आणि बोटं तेव्हाच कापली जातात.

कोणता डिंक, किती, आणि चिकटवताना पुठ्ठा वाकतो त्याचं काय?

थरावर थर चिकटवायला पांढरा पीव्हीए डिंक उत्तम. त्यात पाणी असतं, आणि पाणी प्यायलेला कागद फुगतो. एकाच बाजूला डिंक पडला की शीट पापडासारखी वळते. उपाय तीन, आणि तिन्ही एकदम करायचे. डिंक पातळ थरात लावा, चौरस मीटरला साधारण १५० ग्रॅम, ब्रशऐवजी छोट्या रोलरनं. लगतच्या थरांच्या नळ्या एकमेकींना काटकोनात ठेवा, म्हणजे एकाचा वळण्याचा ओढा दुसरा अडवतो. आणि पूर्ण वाळेपर्यंत सपाट वजनाखाली ठेवा. सहा ते आठ तास किमान, २४ तास बरे.

इथे दोन माणसं असण्याचा खरा फायदा आहे. पातळ लावलेला डिंक पाच-दहा मिनिटांत ओढायला लागतो. एकटा माणूस मोठी शीट लावून संपवतो तोवर पहिली कड वाळलेली असते. एकानं रोलर फिरवायचा, दुसऱ्यानं वरची शीट दोन्ही हातांनी तिरकी धरून तयार राहायचं. मग एक कड जुळवून, तिथून पुढे हळूहळू खाली सोडत जायचं. चारही कोपरे एकदम सोडले तर मधे हवा अडकते आणि त्या जागी थर सुटतो. दुसऱ्या दिवशी बोटानं टकटक करून पाहा. अडकलेल्या हवेच्या जागी आवाज पोकळ, ढबढबीत येतो.

गरम डिंकाची बंदूक अर्ध्या मिनिटात पकडते, म्हणून तुकडा जागेवर टेकवून ठेवायला ती छान. पण तिचा डिंक उष्णतेत मऊ पडतो आणि जाड रेघ सोडतो. मुख्य जोड तिच्यावर सोपवू नका. पिठाची खळ लावली तर किडे आणि बुरशी दोघांनाही जेवण मिळतं.

स्टुलाची जाळी, म्हणजे एकमेकांत अडकवलेले सहा उभे तुकडे, तळाला चिकटवण्याआधी दोन्ही कर्ण मोजा. कडेचे चार तुकडे एकमेकांना छेदतात ते चार कोपरे २० सेंटिमीटरच्या चौरसात येतात, म्हणून त्यांच्या मध्यापासून मध्यापर्यंत दोन्ही कर्ण २८.३ सेंटिमीटर यायला हवेत. फरक असेल तर लांब कर्णाचे दोन कोपरे दोघांनी समोरासमोर धरून आत दाबायचे.

पुस्तकांचं कपाट करता येईल?

येईल, पण फळीची लांबी आवरा. पुस्तकांची एक मीटर रांग साधारण २० ते २५ किलो भरते. भरलेल्या फळीची लांबी दुप्पट केली तर तिचा बाक सोळापट होतो. म्हणून ४० सेंटिमीटरच्या पुढे आधाराशिवाय जाऊ नका. ८० सेंटिमीटरचं कपाट हवं असेल तर मधे उभी भिंत घाला.

फळी तीन थरांची करा. वरच्या आणि खालच्या थराच्या नळ्या लांबीच्या दिशेनं, मधल्याच्या आडव्या. समोरच्या कडेला ४ सेंटिमीटर उंचीची पट्टी उभी चिकटवा. फळी वाकण्याला खरा अडथळा या पट्टीचाच होतो, आणि उघड्या नळ्याही झाकल्या जातात. मागची भिंत शोभेची समजून वगळू नका. तीच कपाटाला कलंडण्यापासून धरते, तीन प्लायची असली तरी पुरे, फक्त चारही कडांनी सलग चिकटलेली हवी. घरात लहान मूल असेल तर कपाट वरच्या बाजूनं भिंतीला बांधून टाका. पुठ्ठ्याचं रिकामं कपाट फार हलकं असतं आणि मुलानं धरून चढायला पाहिलं की अंगावर येतं.

गोलाई किंवा घडी कशी आणायची?

गोलाई नळ्यांना समांतर रेघांवरच येते. दर दीड सेंटिमीटरला आतल्या बाजूनं बोथट चमच्याच्या कडेनं रेघ दाबा आणि तुकडा गोल काठीवर हळूहळू फिरवा. काटकोनातली घडी हवी असेल तर प्रत्येक घडीमागे एका जाडीइतकं माप वाढवा, नाहीतर झाकण खोक्यावर बसत नाही.

दमट हवेत किंवा पावसाळ्यात हे फर्निचर टिकतं का?

खोलीची हवा ५० टक्के आर्द्रतेची असताना पुठ्ठ्यात ७-८ टक्के पाणी असतं. हवा ९० टक्क्यांवर गेली की तेच दुप्पट होतं आणि दाब सोसण्याची ताकद निम्म्यावर येते. पाणी सांडण्याची गरज नाही, नुसती हवा पुरते. पहिल्या उत्तरातला दहावा हिस्सा यासाठीही आहे.

पाणी शिरतं ते मुख्यतः नळ्यांच्या उघड्या तोंडांतून. म्हणून रंग-वॉर्निशच्या आधी कडा बंद करायच्या. पाण्यानं ओली करून चिकटवायची तपकिरी कागदी टेप घ्या. ती वाळताना आक्रसते आणि कड आवळून धरते. मग लाखेचं पॉलिश दोन हात. ते स्पिरिटमध्ये विरघळवलेलं असल्यानं पुठ्ठा वळत नाही. पाण्याचं वॉर्निश वापरायचं तर पातळ हात, आणि दोन्ही बाजूंना एकाच दिवशी. एकानं एक बाजू, दुसऱ्यानं दुसरी. पॉलिशचं काम खिडक्या उघड्या ठेवून आणि आसपास ज्योत नसताना करा.

तळाला ८-१० मिलिमीटर उंचीचे रबराचे किंवा बुचाचे पाय लावा. फरशी पुसताना राहिलेलं पाणी हा पुठ्ठ्याच्या फर्निचरचा रोजचा शत्रू आहे, आणि हे पाय म्हणजे दहा मिनिटांचं काम.

आम्ही दोघं वेगवेगळ्या गावी राहतो. तरी मिळून डिझाइन करता येईल?

हो, फक्त खाचेची रुंदी आकड्यात पाठवू नका. ‘जाडी वजा अर्धा मिलिमीटर’ अशी पाठवा. तुमचा पुठ्ठा ७ मिलिमीटरचा, त्यांचा ६.४ चा, ६.५ ची खाच तिकडे डुलणारच. बैठकीच्या थरांची संख्या आणि उंचीचा ताळाही जाडीवरूनच काढायचा. साचा छापायला पाठवत असाल तर त्यावर १० सेंटिमीटरची एक रेघ काढा. समोरच्यानं छापल्यावर आधी ती मोजायची. ९.७ भरली तर प्रिंटरनं चित्र कागदात बसवण्यासाठी लहान केलंय.

तयार झालेल्या वस्तूवर बसण्याआधी चाचणी कशी घ्यायची?

पाण्याच्या बंद बाटल्या आणि कॅन वापरा. लिटरमागे एक किलो, तराजू लागत नाही. स्टुलाच्या चारही कोपऱ्यांची उंची मोजून त्या त्या कोपऱ्यावर लिहा. रोज बसणाऱ्या सर्वांत जड माणसाच्या वजनाइतका भार २४ तास ठेवा आणि भार असतानाच पुन्हा मोजा. एखादा कोपरा २ मिलिमीटरपेक्षा जास्त खचला तर त्या कोपऱ्याखालचा तुकडा पाहा. बहुधा त्याचा बाण आडवा निघतो.

दुसरी चाचणी पिळाची. दोघांनी स्टुलाच्या समोरासमोरच्या बाजूंना बसावं, एकानं तळ घट्ट धरावा, दुसऱ्यानं बैठक हलकेच फिरवावी. बोटभर फिरली तर बाहेरून तीन प्लायचं आवरण चारही बाजूंनी चिकटवा. नुसत्या जाळीपेक्षा बंद पेटी पिळाला कितीतरी पटींनी ताठ असते.

आग आणि किडे?

पुठ्ठा म्हणजे कागद. समई, उदबत्ती, हीटर, तापणारा दिवा यांपैकी काहीही त्यावर किंवा लगत नको. पन्हळी पुठ्ठा कारखान्यात स्टार्चच्या डिंकानं जोडलेला असतो, म्हणून झुरळं आणि कसरीला तो आवडतो. कडा बंद असल्या की त्यांना घर मिळत नाही. वाळवी असलेल्या घरात मात्र हे फर्निचर ठेवू नका.

एखादा तुकडा चेपला किंवा फाटला तर दुरुस्त होतो का?

उभ्या तुकड्याला आडवी घडी पडली असेल तर ती सरळ करून उपयोग नाही. नळ्या एकदा मोडल्या की मोडल्या. घडीच्या दोन्ही बाजूंना १० सेंटिमीटर पुढे जाईल असा नवा तुकडा, नळ्या उभ्या ठेवून, दोन्ही अंगांनी चिकटवा आणि रात्रभर दोन फळ्यांमध्ये दाबून ठेवा. बैठकीचा वरचा थर झिजला तर त्यावर नवा थर चढवा. म्हणूनच बैठकीवर सुरुवातीलाच जाड कापड चिकटवून टाकू नये.

नको झालं की त्याचं काय करायचं?

कागदी टेप आणि पीव्हीए डिंक असलेलं फर्निचर रद्दीत जाऊ शकतं. रबराचे पाय आणि प्लास्टिकची टेप आधी काढा. पॉलिश चढवलेले तुकडे वेगळे करा, रद्दीवाले ते बहुधा घेत नाहीत. ‘साचा’ लिहिलेला तुकडा मात्र ठेवून द्या, त्यावर पुठ्ठ्याची जाडी आणि खाचेची रुंदी लिहून. पुढचं स्टूल करताना नव्या पुठ्ठ्याची जाडी तीच भरली, तर थेट कापायला बसता येतं.